मेलबर्नच्या दारात मालूवन्सं

दुपारचं जेवण आटोपून मी कॉटवर आडवी झाले आहे. फोन छातीवर तसाच. मेलबर्नहून आलेला माझ्या मुलीचा, मृणालचा, व्हिडिओ कॉल मघाशीच तुटला. तिच्या बाळाला, निनादला, मी अजून एकदाही उचलून घेतलेलं नाही. कोरोनाच्या साथीमुळे त्या देशाची दारं बंद झाली आणि मग तो जन्मला. त्याला वाटतं, फोन म्हणजेच आजी. फोन दिसला की "जीजी" करत रांगत येतो आणि त्याला चाटतो. "आई, रात्री आम्ही तुला चार्जिंगला लावतो," मृणाल सांगते. मी हसते. मग बराच वेळ पंख्याकडे बघत पडून राहते.

पंख्याची पाती पातळ होत जातात. पायाशी कोणीतरी बसतं. कॉट करकरते.

"शालन, ढाराढूर झोपतेस काय? ऊठ. गाडी लागलीय."

मालूवन्सं. माझ्या थोरल्या नणंद. त्यांना जाऊन चार वर्षं झाली, पण अंगावर तीच जांभळी इरकल आणि आवाजात तोच दरारा.

"वन्सं, मास्क कुठंय तुमचा?"

"मला आता काय होणार आहे?"

हे मात्र खरं.

आम्ही कराडच्या स्टँडवर आहोत. लाल एसटीवर पाटी आहे: मेलबर्न, मार्गे उंब्रज. वन्सं कंडक्टरकडे अर्धं तिकीट मागतात. "शरीर आणलेलं नाही, तर पूर्ण भाडं कशाला?" कंडक्टर विचार करतो आणि अर्धं फाडतो. उंब्रज जातं. खाली समुद्र लागतो.

गाडी एका मोठ्या काचेच्या दारापाशी थांबते. आत लग्नाचा मांडव आहे. टेबलामागे गोरा साहेब, मास्क आणि हातमोजे घातलेला.

"नातं काय?" तो स्वच्छ मराठीत विचारतो.

"मुलीची आई."

तो कागद चाळतो. "आई जवळच्या नात्यात बसत नाही."

"बसत नाही?" वन्सं पदर खोचतात. "अरे, ती पोरगी हिच्या पोटात होती. याहून जवळ कुठे बसायचं, तुझ्या मांडीवर?"

"नियम आहे, बाई."

माझे डोळे भरून येतात. "वन्सं, चला परत."

"थांब गं. डॉक्टर आठल्यांकडच्या लग्नाचं आपल्याला तरी कुठे बोलावणं होतं?"

नव्हतं. मी नवी नवरी होते तेव्हाची गोष्ट. वन्संनी दारातल्या मुलीच्या हातून गुलाबदाणी काढून घेतली आणि येणाऱ्याजाणाऱ्यावर गुलाबपाणी शिंपडत उभ्या राहिल्या. स्वागत करणाऱ्या बाईला पत्रिका कोण विचारणार? आम्ही पहिल्या पंगतीला जेवलो, वर जिलबीसाठी भांडलोही.

आताही त्यांच्या हातात गुलाबदाणी आहे. "या, या, साहेब," म्हणत त्या साहेबाच्या तोंडावरच गुलाबपाणी उडवतात. साहेब शिंकतो. पुन्हा शिंकतो. थांबतच नाही. मांडवात एकच पळापळ होते. रांगेतली माणसं, पोलीस, त्याच्या शेजारचे साहेब, सगळे त्याच्यापासून लांब धावत सुटतात. तोही घाबरून एका खोलीत शिरतो आणि आतून कडी लावून घेतो. काचेचं मोठं दार सताड उघडं.

"चल," वन्सं म्हणतात. "पानं वाढली असतील."

मृणालचं स्वयंपाकघर. फोनमध्ये तळहाताएवढं दिसतं, इथे केवढं मोठं आहे, आणि मोहरीच्या फोडणीचा वास सुटलाय. वन्सं उंबऱ्याबाहेरच थांबतात.

"या ना आत."

"नको गं. मी गेलेली बाई, लहान पोरापाशी कशाला? तू घे त्याला. माझ्या वाटणीचंही घे."

निनाद फरशीवरून रांगत येतो. मला नीट न्याहाळतो. मग माझ्या मागे जाऊन बघतो, की आजीला कशाला टेकवून उभं केलंय.

मी त्याला उचलते. बाई गं, किती जड आहे हा! फोनमध्ये वजन कळतच नाही. तो माझं मनगट दोन्ही हातांनी धरतो, नेहमीसारखं चाटतो, आणि कचकन चावतो.

मी ओरडतच जागी होते. डोक्यावर पंखा फिरतोय. छातीवर फोन वाजतोय. मृणाल.

"आई, झोपली होतीस का? अगं, मघाशी कॉल तुटला आणि त्याला भरवताना बघते तर..."

"दात आलेत. खालचे दोन."

"तुला कोणी सांगितलं? मी आत्ता पाहिले!"

मी मनगट पदराखाली लपवते. त्यावर तांदळाच्या कण्यांएवढ्या दोन खुणा आहेत, अजून ओल्या. झोपेत माझी मीच चावले म्हणावं, तर माझी कवळी पलीकडे टेबलावर, वाटीतल्या पाण्यात पडली आहे.