सालवडच्या खोलीतली सनई

आमच्या फिल्मचे किस्से मी काही गोळा केले नाहीत. तेच येऊन चिकटले. कंपनीतलं कुणी रिटायर झालं, कुणाच्या पोराचं लग्न निघालं, की जुनी मंडळी मला कोपऱ्यात गाठतात. "हिरॉईनबाई, ते हॉटेलवालं सांगा ना!" मी सांगते. सगळे पोट धरून हसतात. मला मात्र सांगता सांगता अजूनही संताप येतो.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. बोईसरजवळ एका रंगाच्या कंपनीत मी लॅबमध्ये होते आणि नरेश प्लँटवर ऑपरेटर. किनाऱ्यावरच्या गावचा, मच्छीमारांच्या घरातला पोरगा. शिफ्टसाठी सालवडला खोली घेऊन एकटा राहायचा. वर्षभर त्याचं काहीतरी बिनसलं होतं. जेवण नाही, बोलणं नाही, सुटीच्या दिवशी तर उठणंच नाही. सुपरवायझर म्हणाला, "लग्न कर, सगळं बरं होईल." डॉक्टरने ताकदीच्या गोळ्या दिल्या. गावी गेला, तर बापाने, म्हणजे धर्माकाकांनी, अंथरुणातच त्याच्या अंगावर तांब्याभर पाणी ओतलं. "आळस भरलाय अंगात! ऊठ!"

एक दिवस तो आमच्या नाटकाच्या ग्रुपमध्ये एक गोष्ट घेऊन आला. एक माणूस खोलीत एकटा राहतो. एकदा एका मुलीला भेटायला हॉटेलात जातो, तिच्याशी एक शब्द बोलू शकत नाही, परत येतो आणि पडून राहतो. संपलं!

"आणि शेवट?" सावेने विचारलं. सावे आमचा डायरेक्टर.

"ह्योच शेवट हाय," नरेश म्हणाला. "बापसाला तोंडानं सांगता नाय येत मला. टीव्हीवर बघितलं तर कळंल त्याला."

त्या एका वाक्यासाठी आम्ही फिल्म करायला घेतली.

* * *

हल्लीची पोरं ज्याला डेट म्हणतात, तो सीन आम्ही स्टेशनजवळच्या एका हॉटेलच्या फॅमिली रूममध्ये लावला. मी आणि नरेश समोरासमोर. मध्ये दोन चहा. त्याने बोलायचं नाही, मी वाट बघायची. कॅमेरा सुरू झाला आणि पाचच मिनिटांत मालक पडदा सारून आत!

"असलं इथे चालणार नाही. फॅमिलीवाले येतात."

सावे भडकला. "अहो, नुसते बसलेत दोघं!"

"तेच म्हणतोय मी. नुसते का बसलेत? काहीतरी मागवा!"

मग आम्ही मिसळ मागवली. फिल्ममध्ये नरेश मिसळीकडे बघत बसलाय. लोकांना वाटतं, त्याला तिखट झेपत नाही.

* * *

त्या दिवशी मी घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. मी जिच्याकडे भाड्याने राहायचे ती बाई दारातच उभी.

"प्लँटवरच्या पोराबरोबर हॉटेलात बसली होतीस म्हणे?"

"शूटिंग होतं, काकू. फिल्म करतोय आम्ही."

"कुठल्या थेटरात लागणार?"

"कुठल्याच नाही."

"अगंबाई! म्हणजे तसली फिल्म?"

महिन्याभरात मला खोली सोडावी लागली. नरेशला कुणी काही बोललं नाही. पुरुष ना तो!

* * *

आता पोपटशेठ. कॅमेरा त्याचा. लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगमध्ये त्याचा हात धरणारा अख्ख्या बोईसरमध्ये कुणी नव्हता, आणि हाच आमचा घात झाला. नरेश खोलीत एकटा बसलेला, तर याने त्याच्याभोवती बदामाची फ्रेम टाकली! विचारलं तर म्हणाला, "एकट्याला नवरदेवाची फ्रेम टाकतात."

फ्रेम कशीबशी काढायला लावली. मग शेवटचा सीन. नरेश कुशीवर झोपून आहे, उजेड भिंतीवरून सरकतोय, आणि बराच वेळ कसलाही आवाज नाही. सगळी फिल्म त्या सीनवर उभी होती. पोपटशेठने तयार कॅसेट आणून लावली, आणि त्या सीनला सनई! मंगलाष्टकं संपल्यावर वाजते ना, तीच!

मी किंचाळलेच. "हे काय केलंत?"

"अहो मॅडम, आवाज नाय म्हणजे लोक म्हणतील कॅसेट खराब. मार्केटमध्ये नाव हाय माझं!"

"काढा ती! मूळ कॅसेट कुठाय?"

"तिच्यावर मासवणचं लग्न घेतलं," पोपटशेठ शांतपणे म्हणाला.

एका माणसाने जीव मुठीत धरून जे सांगितलं होतं, त्याच्यावर आता कुणीतरी जिलब्या खात होतं. सावेने त्याची कॉलर धरली. ती नरेशनेच सोडवली, हे मला जास्त लागलं.

* * *

तरी सावेने मुंबईहून सिनेमातले एक जाणकार बोलावले. खांद्याला झोळी, हातात सिगारेट. त्यांनी डोळे मिटून सनई ऐकली आणि म्हणाले, "वा! काय उपरोध आहे!" पोपटशेठने आमच्याकडे विजयाने बघितलं.

मग ते म्हणाले, "फक्त नायक शेवटी मरायला हवा. मेला असता तर फेस्टिव्हलला गेली असती."

नरेश त्यांच्या शेजारी बसला होता. चहाचा कप तसाच हातात.

माझं डोकं फिरलं. "साहेब, तुमची गाडी चुकेल," मी म्हटलं. साहेब म्हणाले, गाडीला अजून दोन तास आहेत. मी म्हटलं, "मग स्टेशनवर बसा!"

* * *

पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या होत्या आणि गाव रिकामं बसलं होतं, तेव्हा आम्ही टीव्ही आणि व्हीसीआर टेम्पोत घालून नरेशच्या गावी गेलो. रविवारची दुपार. समाजमंदिर गच्च भरलं. आपला नरेश टीव्हीत दिसणार म्हणून बायका सुकट निवडायचं टाकून आलेल्या. धर्माकाका सगळ्यांत पुढे, मांडी घालून. नरेश आतच आला नाही. तो बाहेर ओट्यावर बसून राहिला.

मिसळीला हशा आला. मी दिसले तेव्हा शिट्ट्या आल्या. मग शेवटचा सीन लागला. नरेश कुशीवर. सनई सुरू.

"अरं, नवरी कुठंय?" कुणीतरी ओरडलं. झालं! सगळं समाजमंदिर हसायला लागलं. "ऊठ ना रं! वरात आली! पानी ओता रं त्याच्यावर!"

मला एकेकाच्या थोबाडीत मारावंसं वाटत होतं. सावेने टीव्ही बंद करायला हात पुढे केला.

तेवढ्यात धर्माकाका उठले. सावेचा हात त्यांनी बाजूला केला. टीव्हीसमोर वाकून, बटणं चाचपून, आवाजाचं बटण शोधलं आणि सनई बंद होईपर्यंत फिरवलं. चित्र तसंच ठेवलं. मग लोकांकडे वळले.

"गप ऱ्हावा सगले," ते म्हणाले. "पोर निजलाय माझा."