आग्नेसबायचं घर

माझ्या बायकोला माझं बहुतेक सगळं माहीत आहे. लग्नाआधी मी कुणाच्या मागे होतो, दाढ दुखली तरी डॉक्टरकडे का जात नाही, सासऱ्यांशी माझं का पटलं नाही — सगळं. हे एक सोडून. दत्तूला माहीत होतं, पण दत्तू गेला. म्हणजे आता उरलो मी, आणि त्या घरातली माणसं. आज तुमच्याजवळ बोलतोय. का, ते विचारू नका. बोलतोय एवढं खरं.

मी गाईड होतो. टुरिस्ट बसवरचा. ऐंशीनंतरची ती वर्षं — वडिलांची गिरणी बंद पडलेली, बोरीवलीच्या दीड खोलीत आम्ही सगळे, आणि मला एकच गोष्ट बरी जमायची, ती म्हणजे न अडखळता बोलणं. एका शेठच्या बसवर चिकटलो. बाहेरगावची मराठी माणसं भरायची आणि दिवसभरात त्यांना उपनगरं दाखवायची. जुहूचा समुद्र, गोरेगावच्या स्टुडिओचं फाटक, बोरीवलीचं जंगल, कान्हेरीची लेणी. दत्तू गाडी चालवायचा, मी माईक धरून उभा.

आता मला सांगा, कान्हेरीला तुम्ही गेलात तर काय बघाल? लेणी बघाल ना? माझे पॅसेंजर विचारायचे, इथे कुठल्या पिक्चरचं शूटिंग झालं. मी बिचारा रात्र रात्र वाचून त्या भिक्खूंची माहिती पाठ केलेली. पाण्याची टाकी कशी खोदली, पावसाळ्यात ते कुठे राहायचे. मी सांगतोय आणि मागून आवाज — अहो, ते हिरोचं घर कधी दाखवणार? सकाळी बसमध्ये पाय ठेवल्यापासून हाच धोशा. हिरोचं घर, हिरोइनचं घर, व्हिलनचंही चालेल, पण घर दाखवा! डोकं उठायचं माझं. आणि जुहूला खरी घरं होती तिथे काय दिसायचं? उंच भिंत, बंद गेट, आणि काठी घेऊन बसच्या अंगावर धावून येणारा वॉचमन. मग पॅसेंजर माझ्याकडे बघायचे, जणू ती भिंत मीच बांधली.

आमच्या धंद्यात दोन गोष्टी पहिल्याच दिवशी शिकवतात. माईकवर ‘माहीत नाही’ म्हणायचं नाही. आणि दुसऱ्या गाईडने सांगितलेल्या गोष्टीला ‘खरं का रे?’ असं विचारायचं नाही. पॅसेंजर लेणी चढायला गेले की सगळ्या बसचे गाईड खाली चहाच्या टपरीवर बसायचे आणि ज्याच्याकडे जी नवी गोष्ट असेल ती सगळ्यांची व्हायची. आज मी सांगितलं की उद्या पाच बसमध्ये तेच. कुणी कुणाला अडवायचं नाही. हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं ते मला नंतर परत घेता आलं नाही. नाही — थांबा. हे मी चुकीचं सांगतोय. मी परत घ्यायला गेलोच नाही.

तर, एकदा अंधेरीतल्या एका गावठाणात आमची बस पंक्चर झाली. गावठाणाचं नाव सांगत नाही. जुनी ख्रिस्ती वस्ती, अरुंद रस्ता, आणि जिथे बस थांबली तिथेच समोर एक घर. कौलारू, लाकडी कठड्याची गॅलरी, बाहेरून वर जाणारा जिना, दारात जामाचं झाड. दत्तू चाक खोलत बसलेला. पॅसेंजर घामाने वैतागलेले, मी त्यांच्याहून वैतागलेला. एका बाईने विचारलं, हे एवढं छान घर कुणाचं हो?

आणि मी एका हिरोइनचं नाव घेतलं.

का? कंटाळा. दुसरं काही नाही. म्हटलं, घ्या, हवं होतं ना घर? ती इथे गुपचूप राहते, कुणाला पत्ता नाही. तेवढ्यात वरची खिडकी कुणीतरी आतून ओढून घेतली. बसमध्ये एकच गलका झाला. तीच होती, तीच होती! चाक बसेपर्यंत कुणी कुरकुर केली नाही. उतरताना लोक माझा हात हातात घेऊन गेले, लेण्यांसाठी कधी कुणी घेतला नव्हता.

मग काय, रोज तिथे बस थांबायला लागली. टपरीवर मी सांगितलं, बाकीच्यांच्याही थांबायला लागल्या. गोष्ट वाढत गेली. मीच वाढवली. मागच्या दाराला पांढरी गाडी येते म्हणे. एक म्हातारी राखण करते म्हणे.

ती म्हातारी म्हणजे आग्नेसबाय. घर तिचं. नवरा वारलेला, एकच मुलगी, हिल्डा, हॉस्पिटलात नर्स. मुलगी रात्रीच्या ड्युटीवरून सकाळी घरी येऊन झोपायची आणि दिवसा ऊन नको म्हणून खिडकी लावून घ्यायची. एवढंच होतं त्या खिडकीचं. हिल्डा बाहेर पडली की माझे पॅसेंजर तिच्याकडे टक लावून बघायचे. एकदा एकाने सहीसाठी तिचा हात धरला. मी बघितलं ते. आग्नेसबायने पहिल्यांदा मला शिव्या दिल्या, एकदा गॅलरीतून बादलीभर पाणी ओतलं. पॅसेंजरना ते फार आवडलं. म्हणाले, बघा, किती जपतात!

एका सकाळी मात्र ती कोपऱ्यावर माझी वाट बघत उभी होती. शिव्या नाहीत, काही नाही. मला बाजूला घेतलं. म्हणाली, रविवारी वसईकडची माणसं हिल्डाला बघायला येणार आहेत. मुलगा चांगला आहे, हिल्डालाही पसंत आहे, फक्त त्याच्या आईबापांनी घर बघायचं राहिलंय. मागे एक स्थळ असंच दारातल्या गर्दीला बघून परत गेलं होतं. बाकीच्या बसवाल्यांना मी सांगितलंय, ते नाही येणार म्हणाले. तू तेवढा रविवार येऊ नकोस, बाबा. कायमचं थांब असंही म्हणाली नाही. एक रविवार.

मी म्हटलं, आँटी, शब्द देतो. तिने मला वर्तमानपत्रात गुंडाळून आपल्या झाडाचे जाम दिले. दत्तूने आणि मी ते वाटेत खाल्ले. गोड होते.

आता तो रविवार. स्टुडिओच्या फाटकावर वॉचमनने बस उभीसुद्धा करू दिली नाही. जंगलात सिंह बघायची गाडी बिघडलेली. लेण्यांपाशी ऊन एवढं की अर्धे पॅसेंजर खालूनच परत फिरले. जळगावकडचे एक काका होते, जाड आवाजाचे. ते सकाळपासून माझ्यामागे लागलेले. तुम्ही दाखवलं काय आम्हाला? झाडं? झाडं काय आमच्याकडे नाहीत? संध्याकाळी तुमच्या शेठला भेटतो म्हणाले. आणि शेठने मला आधीच दम दिलेला, आणखी एक तक्रार आली तर घरी बसायचं.

हे सगळं मी का सांगतोय? तुम्हाला वाटावं म्हणून, की अरे, बिचाऱ्याचा नाइलाज होता. बघा, अजून खोड जात नाही. नाइलाज नव्हता. शेठपुढे मान खाली घालून उभं राहता आलं असतं. दुसरी नोकरी मिळाली असती, नसती मिळाली तर नसती मिळाली. मला त्या काकांचं तोंड बंद करायचं होतं. बस्स. मी माईक घेतला आणि म्हटलं, मंडळी, आता खास तुमच्यासाठी एका हिरोइनचं घर!

दत्तूने आरशातून माझ्याकडे बघितलं. म्हणाला, “आज तिथे नको ना रे. शब्द दिलायस तू तिला.”

मी म्हटलं, गप, गाडी घे.

त्याने घेतली. गल्लीत शिरलो तेव्हाच मला दिसलं. ओट्यावर खुर्च्या मांडलेल्या, चांगले कपडे घातलेली माणसं बसलेली. मुलाचा बाप कोट घालून. टेबलावर पांढरं कापड, केक कापलेला. हिल्डा फिकट निळ्या फ्रॉकमध्ये कपबशा घेऊन दारात उभी. अजूनही पुढे काढता आली असती ना बस? दत्तूचा पाय ब्रेकवर गेला नव्हता. मीच दारावर हात आपटला, थांबायची आमची खूण.

पॅसेंजर खाली उतरून ओट्याच्या कठड्यापर्यंत गेले. कुणी हिल्डाकडे बोट दाखवत होतं, काका तर ओट्याची पायरी चढले. आणि आग्नेसबाय बसच्या दाराशी आली. लुगडं नीट नेसलेली, केसात फूल, एरवी कधी घालायची नाही ते दागिने घातलेले. ती रागावली नव्हती. तेच मला अजून... आवाज अगदी शांत ठेवला होता तिने, पाहुण्यांसमोर म्हणून.

“बाबा, आज खरा सांग सगल्यांना,” ती म्हणाली. “हा घर कोनाचा हाय?”

ओट्यावरची माणसं माझ्याकडे बघत होती. पॅसेंजर बघत होते. माईक माझ्या हातात, चालू. फक्त एक वाक्य बोलायचं होतं मला. या बाईंचं आहे, मी खोटं बोललो. किती सोपं वाक्य आहे! आत्ता तुम्हाला सांगताना एक क्षण लागला नाही.

मी हसलो. आणि माईकवर म्हणालो, “बघा मंडळी, घरची माणसं नाहीच म्हणणार. त्यासाठीच तर यांना ठेवलंय. आणि ती मुलगी नर्स आहे असं सांगतात. आता ती कोण, ते तुमचं तुम्ही ओळखा.”

सगळी बस हसली. काका सगळ्यात मोठ्याने.

आग्नेसबाय तशीच उभी राहिली. एकदा ओट्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग म्हणाली, जाम खाल्लेस ना तू? हळूच म्हणाली, माईकमध्ये नाही आलं ते. मुलाच्या बापाने कप खाली ठेवला होता. दत्तूने मला न विचारता गाडी सुरू केली, पॅसेंजर धावत चढले, आणि संध्याकाळी काकांनी शेठला सांगितलं की गाईड झकास आहे.

स्थळ मोडलं. कोपऱ्यावरच्या पाववाल्याने मला सांगितलं, मी विचारलंही नव्हतं. वसईची माणसं काही मूर्ख नव्हती, हिरोइन वगैरे त्यांना पटलं नव्हतं. ती माणसं एवढंच म्हणाली की ज्या दाराशी बस थांबतात आणि अनोळखी माणूस मुलीबद्दल असं भर रस्त्यात बोलतो, तिथे काहीतरी असेलच. पुढे हिल्डा नर्स म्हणून आखातात निघून गेली. म्हातारी एकटी राहिली.

त्यानंतर मी तिथे कधी बस नेली नाही, असं म्हणता आलं असतं तर! पण पुढच्याच आठवड्यात नेली. घराच्या सगळ्या खिडक्या लावलेल्या होत्या. मी माईकवर म्हटलं, बघितलंत, खिडक्या बंद. दत्तू माझ्याशी महिनाभर कामापुरतं बोलला. मग पहिल्यासारखा बोलायला लागला. माणूस किती दिवस रागावणार?

गाईडची नोकरी मी नंतर सोडली, त्याचा याच्याशी काही संबंध नाही. एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे बरी जागा मिळाली म्हणून सोडली. लग्न झालं, मुलगी झाली. मुलगी बोलायला लागली त्या वर्षी गावाहून सासूसासरे आले. त्यांना मुंबई बघायची होती, बायको हट्टाला पेटली, बसनेच जायचं. मी नको नको म्हटलं, पण नको का ते सांगणार कसं? दुसऱ्या कुठल्या तरी कंपनीची बस होती. गाईड नवा पोरगा, मला ओळखत नव्हता. अंधेरी आली आणि बस त्या गल्लीत वळली.

त्या पोराला सगळं पाठ होतं. पांढरी गाडी, मागचं दार. आणि मग माझंच वाक्य, अक्षर न बदलता — घरची माणसं नाहीच म्हणणार, त्यासाठीच तर यांना ठेवलंय. बस हसली. सासरे हसले.

ओट्यावर आग्नेसबाय बसली होती. फार म्हातारी झालेली. बस थांबली, लोक उतरले, कठड्याशी गेले, तरी ती उठली नाही. समोर बघत बसून राहिली.

माझी मुलगी मांडीवर उभी राहून खिडकीतून बघत होती. तिने मला विचारलं, “बाबा, खरंच हे हिरोइनचं घर आहे?”

आमच्या धंद्यात हा प्रश्न कुणी विचारत नाही. तिला कुठे माहीत होतं ते! बायको माझ्याकडे बघत होती, ती सहजच.

मी म्हटलं, हो. आणि आमच्या खिडकीचा पडदा ओढून घेतला.