माहेरचं नाव

माझ्या मावशीचा पाय एका जागी ठरायचा नाही, आणि तिच्यापायी माझं डोकं ठिकाणावर राहायचं नाही. पहिल्या निवडणुकीच्या वेळी ती बिलोलीकडची खेडी पायी हिंडली, बायकांची नावं मतदारयादीत घालायला. बायका सांगायच्या, ‘लिवा, अमक्याची आई.’ असं लिहिलं की नाव उडालंच म्हणून समजा. मग मावशी ओट्यावर ठाण मांडून बसायची आणि बाईनं स्वतःचं नाव सांगितल्याशिवाय उठायची नाही. आई हे इतक्या कौतुकानं सांगायची की लहानपणी मला मावशीपुढं सगळे फिके वाटायचे.

आणि ती निवडणूक झाल्यावर हिनं काय करावं? कपाळाला भस्म लावलं आणि महादेवावर प्रवचनं द्यायला निघाली. का, ते कुणालाही सांगितलं नाही. मला त्याचा फार राग होता, आणि तो मी वर्षानुवर्षं जपून ठेवला.

बहात्तरच्या दुष्काळात मी अहमदपूरला शाळेत शिकवत होते. मावशी खडी फोडायच्या कामावर, दुपारच्या सुट्टीत बायकांपुढं बोलायची. एकदा तिच्यासाठी भाकरी घेऊन गेले. बोलण्याआधी तिनं एकेकीला माहेरचं नाव मोठ्यानं सांगायला लावलं. आमच्याकडं लग्नात ताटातल्या तांदळावर नवं नाव लिहितात आणि जुनं नाव त्या दिवशी माहेरीच राहतं. बायका पदराआड हसत, लाजत नाव सांगत होत्या आणि बाकीच्या ते परत म्हणत होत्या. यातच अर्धी सुट्टी गेली. मग महादेव, मन आणि धीर. माझ्या अंगाची लाहीलाही झाली. घागरभर पाण्यासाठी कोसभर चालणाऱ्या बायकांना ही धीर शिकवत होती. परतताना मी तिला वाट्टेल ते बोलले. हक्काचं काम टाकून तू पळालीस, असंही बोलले. ती एवढंच म्हणाली, ऊन लई हाय, डोक्यावर पदर घे.

पुढं लातूर वेगळा जिल्हा झाला. पाट्या बदलल्या, शिक्के बदलले, आणि मतदारयादीचं काम आम्हा शिक्षकांच्या गळ्यात पडलं. तोवर मावशी थकून माझ्याकडं राहायला आली होती. तेव्हा कळलं की तिचं नाव कुठल्याच यादीत नाही. त्या पहिल्या निवडणुकीनंतर तिनं मतच दिलं नव्हतं. मी अर्ज आणला, तर आज सोमवारचा उपास, उद्या गुडघा दुखतोय. शेवटच्या दिवशी मी तिच्यापुढं फतकल मारली आणि सांगितलं, आता मीही उठत नाही.

तेव्हा ती बोलली. तिनं स्वतःचं नाव सांगा म्हटल्यावर एका गावच्या बायकांनी माहेरचं सांगितलं होतं. सासरी ठेवलेलं नाव त्यांना स्वतःचं वाटतच नव्हतं. मतदानादिवशी साहेबानं नाव पुकारलं की गावातले लोक म्हणायचे, या नावाची बाई आमच्या गावात न्हाई, अमक्याच्या बायकोचं नाव तर दुसरंच हाय. खोटं कुणीच बोलत नव्हतं. साहेब नवऱ्याचं नाव विचारायचा, तर ते तोंडानं घेणार कसं? बायका मान खाली घालून उभ्या राहायच्या. एकामागून एक सगळी रांग घरी गेली.

“एकजण मला म्हणली, बाई, मी माझं नाव सांगून खोटी पडले,” मावशी म्हणाली. “त्या परत गेल्या, मग मी कुठल्या तोंडानं मत देणार? तेव्हाच ठरवलं. ज्या गावात नांदतात त्या गावाला नाव ठावं पाहिजे. मतासाठी आले म्हणलं तर बायकांना कोण बसू देतंय? प्रवचनाला बसू देतात.”

खडीच्या ढिगाजवळची ती अर्धी सुट्टी मला आठवली, आणि मी तिला काय काय बोलले होते तेही. लाज वाटली. ती लपवायला मी पेन काढलं आणि घाईनं अर्जावर टेकवलं. पण पुढं हात चालेना. आई तिला आक्का म्हणायची, मी मावशी, गल्ली प्रवचनवाल्या बाई. तिचं माहेरचं नाव मला ठाऊकच नव्हतं. तिनं माझ्या चेहऱ्याकडं पाहून ते ओळखलं.

मी दार उघडून गल्लीतल्या बायकांना हाक मारली. पाच-सहाजणी आल्या. मावशीनं त्यांच्यासमोर नाव सांगितलं, त्यांनी ते परत म्हटलं, आणि मग मी लिहिलं.

मतदानादिवशी तिचा हात धरून मी रांगेत होते. नाव पुकारल्यावर टेबलाशी बसलेल्या, उमेदवाराच्या एका माणसानं मान वर केली. या नावाच्या कोण, या गल्लीत तर कुणी ऐकलं न्हाई, म्हणाला. माझं तोंड उघडायच्या आत मागून शेजारीण म्हणाली, “आम्ही ऐकलंय.” तिच्या मागच्या दोघीही तेच म्हणाल्या.

मावशीनं बोट शाईसाठी पुढं केलं.