तोंड गोड केल्यावर

निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत बसायचं सोडून अरिहंत बेळगावला कॅम्पातल्या एका कंपनीत चिकटला होता. समुद्रापलीकडच्या एका चिमुकल्या देशाच्या सरकारी पगारांचं काम ही कंपनी इथं बसून करायची. तो देश बुडता बुडता परदेशी सावकार संस्थांनी कर्ज देऊन वर काढला, आणि बदल्यात तिथल्या नर्सबायांचे पगार कापायला लावले. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, पण ही काडी चांगलीच टोचणारी निघाली.

तिथल्या सरकारी दवाखान्यातली थोरली नर्स मारिया दर महिन्याला अरिहंतला फोन करायची. ड्यूटी संपवून ती दुसरीकडं म्हाताऱ्यांची उस्तवार करायला जायची, तेव्हा कुठं घरभाडं निघायचं. अरिहंत तिला आक्का म्हणायला लागला. अर्थ कळल्यावर तिलाही ते आवडलं.

यंदा सावकारांशी झालेला करार संपला. आता नवं कर्ज नाही, फक्त जुन्याची फेड. आणि ती होईपर्यंत त्यांची माणसं मधून मधून येऊन सरकारचा खर्च बघणार. तरी सरकारनं धीर करून नर्सना पुढच्या महिन्यापासून जुना पगार द्यायचं ठरवलं, तोही गाजावाजा न करता, दवाखान्याच्या दुरुस्तीच्या पैशांतून. अरिहंतनं आक्काला सांगितलं तेव्हा ती फोनवर रडली.

सावकारांकडून पगारांचं काम बघायला कॅम्पात आले ते उपेंद्र साहेब, मूळचे आपल्या बेळगावच्याच खडेबाजारातले. अरिहंतला आभाळ ठेंगणं झालं. त्याच्या वखारीची रीत होती, व्यवहार मिटला की दोघांनी गूळ खायचा आणि मग मन मोकळं करायचं. गुळावरचं बोलणं व्यवहारात आणायचं नाही. करार संपला म्हणजे व्यवहार मिटला, असं या भाबड्यानं धरलं.

"सुटला की साहेब त्यो देश! घ्या, गूळ खावा."

"वखारीची रीत होय?" उपेंद्रांनी खडा तोंडात टाकला. "आमच्या आजोबांकडंही होती. बोल, कसं चाललंय त्यांचं?"

"लई सोसलं बघा. पर आता नर्सबायांना जुना पगार हाय. दुरुस्तीच्या पैशातनं देत्यात."

"बरं झालं," म्हणत साहेबांनी दुसरा खडा उचलला.

उपेंद्रांच्या अहवालाच्या पहिल्याच पानावर ते छापून आलं. सावकारांनी डोळे वटारले, सरकारनं शेपूट घातली, आणि वाढवलेले पगार अरिहंतलाच आपल्या हातानं पुन्हा खाली आणावे लागले.

त्यानं उपेंद्रांना फोन लावला. "गुळावर बोललो हुतो साहेब."

"अरे, करार संपला, कर्ज कुठं संपलंय? बघणं हेच माझं काम."

यात खोटं काही नव्हतं, आणि त्याचाच संताप येतो. निपाणीत अशा माणसाच्या वखारीची पायरी कुणी चढलं नसतं. उपेंद्रांना बढती मिळाली.

दोन दिवसांनी मारियाचा फोन आला. "आमच्यातलीच कुणीतरी फुटली म्हणतात. आम्ही एकमेकींशी बोलेनासे झालोय. तुझ्या कानावर काही आलं?"

खरं अगदी ओठावर आलं होतं. मग अरिहंतला नोकरी आठवली, आणि तिचं आक्का म्हणवून घेणंही आठवलं.

"नाही आक्का."

"जाऊ दे," ती म्हणाली, "तू एकटा तरी आमच्या बाजूचा आहेस." आणि म्हाताऱ्यांकडं जायची वेळ झाली म्हणून तिनं फोन ठेवला.