अब्बांची सही

"ह्या किड्यामुंग्या खोडा आणि अंगठा लावा, मास्तर."

शिक्षण खात्याच्या साहेबानं अब्बांची उर्दू सही बोटानं दाखवली. बोट कागदाला लावलं नाही. विटाळ होईल जणू, असं वरच धरलं.

पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं, त्याला दोन वर्षं झाली होती. अब्बा हर्सूलच्या शाळेत उर्दूचे मास्तर. अर्ध्या गावाला त्यांनी लिहायला शिकवलेलं. समोरच्या मराठी कागदावर होतं, उर्दूचा वर्ग बंद करायला माझी हरकत नाही. हरकत घेतली तर नोकरी जाणार होती.

मी दहा वर्षांची. मराठी येते म्हणून सोबत नेलेली.

अब्बांना अंगठा लावायची सवय नव्हती. ठसा फिसकटेल म्हणून मी त्यांचा हात धरला. अंगठा शाईत मीच बुडवला, कागदावर मीच दाबला. बाजूला त्यांचं नावही मीच लिहिलं.

"शाब्बास पोरी. काय अक्षर आहे. तू ह्यांच्यातली वाटत नाहीस."

मला आनंद झाला. हे आजवर कुणाला सांगितलं नाही. अब्बा अंगठा सदऱ्याला पुसत उभे, आणि मी खुशीत.

वाटेत ते एवढंच बोलले, "अच्छा लिखा, बेटा."

पुढं मी शिक्षण खात्यात कारकून झाले. "बाई, तुम्ही त्यांच्यातल्या वाटत नाही." हे वाक्य वीस वर्षं चहासोबत गिळलं. वर हसले.

गेल्या महिन्यात हर्सूलच्या पालकांचा अर्ज आला. त्यांना स्वतःची उर्दू शाळा काढायची होती. खाली उर्दूत सह्या. वळण मी ओळखलं. अब्बांचं, त्यांनीच शिकवलेलं.

आताच्या साहेबानं कागद माझ्याकडं सरकवला. "हे कोण वाचणार? सगळ्यांचे अंगठे घ्या. नायतर शेरा मारा, अर्जदार निरक्षर."

"मला वाचता येतं."

त्यांनी शाईचं पॅड माझ्यापुढं ठेवलं.

"घटनेचं तिसावं कलम त्यांना आपली शाळा काढायचा हक्क देतं, साहेब. आधी अंगठा द्या, असं त्यात नाही."

"लई कायदा शिकलात."

"व्हय. उशिरा शिकले."

संध्याकाळी मला मेमो मिळाला. पोच म्हणून सही हवी होती. मी उजवीकडून सुरुवात केली, उर्दूत. नोकरीत पहिल्यांदाच. अक्षर वेडंवाकडं आलं.

शिपाई म्हणाला, "बाई, साहेब हे मानायचे नाहीत. अंगठा मागतील."

"मग माझा हात धरून घ्यावा लागेल म्हणावं. मी देणार नाही."

तो अर्ज माझ्या टेबलावर आहे. त्यावर निरक्षर हा शब्द पडायचा तर दुसऱ्या कुणाच्या अक्षरात पडेल. माझ्या नाही.