मालेगावची लाल जीप

ऑइलपेंटचा डबा उघडला की अजूनही माझं डोकं फिरतं. त्या वासासरशी मी थेट मालेगावात, यंत्रमागांच्या खडखडाटात, सलीमचाचांच्या पत्र्याच्या शेडसमोर जाऊन उभा राहतो.

चाचांची जुनी विलायती जीप मी विकत घेतली होती. मला वेड लावलं होतं ते तिच्या विटक्या हिरव्या रंगानं. विलायतेहून आली तेव्हाचाच तो रंग, त्यावर कुणी कधी ब्रश फिरवला नव्हता. व्यवहार झाला, तेव्हा चाचा म्हणाले, आठवड्यानं न्यायला या. गेलो, तर समोर लालभडक, चकचकीत गाडी! सीटांवर नवं रेक्झीन, आरशाला जरीची झालर. रंग इतका ताजा की दाराला माझं बोट चिकटलं.

"चाचा, हे काय करून ठेवलंत? मला होती तशीच हवी होती!"

चाचा खुशीत हसले. "पोरीला मळक्या कपड्यात सासरी धाडतं का कुणी, भाऊ?"

नाशिकपर्यंत नुसता चरफडत आलो. जीप लाल ती लालच राहिली.

आता गुडघे क्लच दाबू देत नाहीत, म्हणून ती ओझरच्या एका मुलाला विकली. उद्या न्यायला येतोय. फोनवर त्यानं बजावलं, "काका, काहीही करू नका, आहे तशीच द्या." मी हो म्हणालो.

पण बंपरवरचा तो गंज बघवेना. तेवढ्यालाच रंगाचा एक हात मारतोय. अशी कशी पाठवू तिला?