भिकाबाईच्या पाणपिसवा

वसमतच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र विभागात काचेची भांडी धुण्याचं काम भिकाबाई राठोडकडे होतं. आधी तिचा नवरा देविदास तिथं परिचर होता. तो काविळीनं गेला आणि त्याच्या जागेवर तिला घेतलं. त्याला आता बारा वर्षं झाली. सेनगावकडच्या तांड्यावर वाढलेली, सातवीपर्यंत शिकलेली ही बाई पहिल्या दिवशी एकेक बीकर दोन्ही हातांनी धरत होती. पण वर्षभरात तिनं धुतलेली काच विभागाची शान होऊन बसली. विभागप्रमुख विजयकुमार सर पाहुण्यांना सांगायचे, "आमच्याकडं आरसा नाही. भांग पाडायचा असेल तर बीकरमध्ये बघा."

भिकाबाईला हे ऐकून बरं वाटायचं. ती प्रत्येक भांडं साबणाच्या पावडरनं दोनदा घासायची, वरून तिसरा हात फिरवायची आणि उन्हात पालथं घालायची.

तीन वर्षांपूर्वी विभागात कोमल आली. कुरुंद्याच्या हळद पिकवणाऱ्या घरातली मुलगी, पीएचडीला नाव घातलेलं. हळदीवर करपा पडला की शेतकरी एक औषध फवारतात. पाऊस झाला की त्यातलं थोडं ओढ्यात उतरतं, फवारणीचा पंपही ओढ्यातच धुतला जातो. एवढ्याशा औषधानं पाण्यातले बारीक जीव लगेच मरत नाहीत, हे आधीच माहीत होतं. कोमलला पुढचं बघायचं होतं. न मरता, सगळं आयुष्य त्याच पाण्यात काढलं तर त्यांचं काय होतं?

त्यासाठी तिनं पाणपिसवा आणल्या. मोहरीएवढा जीव, काचेसारखा आरपार. भिंगाखाली धरला की पोटातलं हिरवं शेवाळ दिसतं, पाठीशी काळीज उडताना दिसतं, आणि मादी असेल तर पाठीवरच्या पिशवीत अंडी दिसतात. नर लागतच नाही, आई एकटीच दर दोन-तीन दिवसांनी पिलं सोडते.

चाचणी एकवीस दिवसांची. साठ बीकर, प्रत्येकात एक पाणपिसू, एका दिवसाच्या आतली. पाच प्रमाणांत औषध, प्रत्येक प्रमाणाचे दहा बीकर, आणि उरलेल्या दहांत नुसतं साधं पाणी. रोज पिलं मोजायची आणि बाहेर काढायची. साध्या पाण्यातल्या दहांपैकी दोनापेक्षा जास्त मेल्या तर सगळी चाचणी बाद, कारण मग औषधानं काय केलं आणि कशानं काय झालं हे सांगताच येत नाही.

पहिल्या खेपेला नवव्या दिवसापर्यंत साध्या पाण्यातल्याच चार मेल्या. दुसऱ्या खेपेला सात दिवसांत सहा. तिसऱ्या वेळी तर पिलं व्हायच्या आधीच संपलं. सरांनी पाणी तपासलं, शेवाळ तपासलं, खोलीचा थंडावा तपासला. सगळं बरोबर. कोमल मेलेल्या पिसवा ड्रॉपरनं उचलायची आणि डोळे पुसत वहीत लिहायची.

"काहून मरून राहिल्या, मॅडम?" भिकाबाईनं एकदा विचारलं.

"कळलं असतं तर रडले असते का, मावशी?"

खोलीच्या कोपऱ्यात एक मोठी काचटाकी होती. चाचणीसाठी लागणाऱ्या पाणपिसवा त्यातच वाढवल्या जायच्या. भिकाबाई जाता-येता त्या टाकीपाशी उभी राहायची. तिथं हजारभर पिसवा मजेत वरखाली करत होत्या. पाणी तेच, खाणं तेच, खोली तीच. मग बीकरमध्ये गेल्या की मरतात काहून? एका दुपारी तिच्या डोक्यात आलं की टाकी फार जड, म्हणून ती आपण कधी पावडरनं घासलेलीच नाही. नुसतं पाणी मारून धुतो.

भिकाबाई तिथंच स्टुलावर बसली. त्या दिवशी तिनं जेवणाचा डबा उघडला नाही.

कुणाला काही बोलायच्या आधी तिला खात्री करायची होती. शनिवारी दुपारी सगळे गेल्यावर तिनं चार बरण्या घेतल्या. दोन आपल्या पद्धतीनं पावडर लावून चकचकीत धुतल्या. दोन कोऱ्या बरण्या नुसत्या गरम पाण्यानं दहा वेळा विसळल्या. चारींत टाकीचं पाणी, चारींत पाच-पाच पिसवा. खडूनं खूण केली आणि खिडकीखाली ठेवल्या. सोमवारी चकचकीत बरण्यांतल्या पिसवा मंद झाल्या होत्या. गुरुवारी दहांतल्या सात तळाशी पडल्या होत्या. दुसऱ्या दोन बरण्यांत दहाच्या दहा जित्या, आणि वर बारकी पिलं.

शुक्रवारी कोमल आली तेव्हा भिकाबाई चारी बरण्या टेबलावर मांडून उभी होती.

"मॅडम, तुमच्या पिसवा मी मारल्या."

कोमलला आधी कळलंच नाही. मग भिकाबाईनं एकेक बरणी दाखवली, कुठली कशी धुतली ते सांगितलं. कोमलनं वाकून पाहिलं, भिंग लावून पाहिलं.

"आठ महिने, मावशी," ती शेवटी म्हणाली आणि पिशवी उचलून निघून गेली.

भिकाबाईनं तो दिवस कसा काढला ते तिलाच ठाऊक. दुसऱ्या दिवशी ती सरांपुढं उभी राहिली आणि म्हणाली, की मला या कामावरून काढा, झाडलोटीला लावा. सर बरण्या बघून आले होते.

"झाडलोटीला कशाला? ह्या बारीक जिवांसाठी काच कशी धुवायची हे तुम्हाला आम्ही कधी सांगितलं होतं का? अकरा वर्षं आम्ही चमक बघून खूश होतो. साबणाचा अंश राहतो हे आमच्या ध्यानात यायला पाहिजे होतं."

तेवढ्यात कोमल दारात आली. डोळे सुजलेले, पण हातात नव्या बीकरांचं खोकं होतं. "मावशी, मी तीन जणांना विचारलं, दोन पुस्तकं वाचली. कुणालाच सांगता आलं नाही. तुम्ही चार बरण्यांत सांगितलं. आता ह्यांना हात लावायचा तो फक्त तुम्ही."

मग नवी रीत बसली. गरम पाणी, मग पातळ आम्लात बुडवणं, मग शुद्ध पाण्यानं आठ वेळा विसळणं. पावडरचा डबा दुसऱ्या खोलीत गेला. बीकर पहिल्यासारखे चमकत नव्हते आणि भिकाबाईला ते काही दिवस खुपलं.

दिवाळी झाल्यावर, थंडी पडायला लागली तेव्हा चौथी चाचणी मांडली. बीकरांवर फक्त एक ते साठ आकडे होते. कुठल्या आकड्यात किती औषध, हे सरांनी एका कागदावर लिहून पाकिटात बंद केलं, म्हणजे मोजणाऱ्याचा हात नकळत एका बाजूला झुकायला नको. पिलं कोमलनंही मोजायची आणि भिकाबाईनंही, वेगवेगळी. दोघींचा आकडा जुळला तरच वहीत चढायचा.

आठव्या दिवशी पहिली पिलं आली. भिकाबाईनं बीकर काळ्या कागदावर ठेवला आणि मोजायला लागली. लहानपणी तांड्यावर आजीच्या फेटियावर, म्हणजे घागऱ्यावर, आरसे टाकून तिची नजर तयार झाली होती. कोमल दोनदा मोजून अकरा म्हणाली. भिकाबाईनं एकदा पाहिलं आणि म्हणाली, "तेरा. दोन काचेला चिकटून बसलीत." बीकर हलवला तर तेराच निघाली.

पोटुशा पिसवांना ती याडी म्हणायची. गोरमाटीत, तांड्याच्या बोलीत, याडी म्हणजे आई. हळूहळू कोमलही म्हणायला लागली. "मावशी, बावीसच्या याडीनं आज सतरा सोडली बघा."

बाराव्या दिवशी भिकाबाईनं तिला हाक मारली. "मॅडम, हे सत्तावीस, चौतीस आन् एक्केचाळीस बघा. याड्या धडधाकट हायेत. पोट हिरवं, काळीज उडून राहिलंय. पन लेकरं दोन न्हाईतर तीन. बाकीच्यांना बारा-पंधरा व्हायलीत."

कोमलनं पाहिलं, वहीची मागची पानं उलटली. खरंच होतं. तिचा हात पाकिटाच्या कपाटाकडं गेला आणि परत आला. "आत्ता काही बोलायचं नाही, मावशी. आपण मोजत राहू."

सतराव्या दिवशी पाणी बदलताना भिकाबाई खोलीत एकटीच होती. पन्नास नंबरची याडी ड्रॉपरमधून निसटली आणि फरशीवर पडली. तिनं फडक्याच्या टोकानं, बोटानं शोधली, सापडली नाही. कोपऱ्यातल्या टाकीत तशाच हजार होत्या. एक उचलून पन्नासमध्ये सोडली असती तर ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. तिनं टाकीकडं पाहिलं, मग वही ओढली आणि पन्नासपुढं आपल्या मोठ्या अक्षरात लिहिलं, 'माझ्या हातून सांडली.' संध्याकाळी सरांनी ते वाचलं आणि खाली सही केली. म्हणाले, "अशी एखादी सांडली तर हिशोबातून बाजूला ठेवता येते. खोटी घातली असती तर सगळी चाचणी खोटी झाली असती."

एकविसाव्या दिवशी पाकीट फोडलं. साध्या पाण्यातल्या दहांपैकी नऊ जित्या होत्या आणि एकेकीनं सरासरी ब्याऐंशी पिलं दिली होती. चाचणी खरी धरायला साठ झाली तरी पुरतात. सगळ्यात कडक औषधातल्या बहुतेक मेल्या होत्या आणि सगळ्यात पातळ औषधातल्या साध्या पाण्यासारख्याच होत्या. सत्तावीस, चौतीस आणि एक्केचाळीस हे तिन्ही मधल्या, तिसऱ्या प्रमाणातले निघाले. त्या प्रमाणात जवळपास सगळ्या आया जिवंत, आणि पिलं साध्या पाण्यातल्यांच्या तिसरा हिस्सा.

कोमलनं भिकाबाईला मिठीच मारली. सरांनी समोरच्या टपरीवरून भजी मागवली. भिकाबाईनं आधी हात धुतले, मग भजी घेतली आणि चार खाल्ली.

फेब्रुवारीत कोमलचे वडील किसनराव वसमतला हळद घेऊन आले. सौदा आटोपून ते लेकीला भेटायला कॉलेजात आले. हळद उकडून, वाळवून नखं पिवळीजर्द झालेली. कोमलनं त्यांना भिंगाखाली पाणपिसू दाखवली.

"ह्यो जीव आपल्या वढ्यात हाय?" त्यांनी विचारलं.

"आहे ना, बाबा. बारके मासे ह्यांच्यावरच जगतात."

"मंग आमी पंप धुतल्यावर मेलेला तर कवा दिसला न्हाई."

"मरतच न्हाई, भाऊ," भिकाबाई म्हणाली. "म्हनून तर तुमाला कळत न्हाई. याडी जिती ऱ्हाती, लेकरं व्हत न्हाईत. म्या सोता मोजलीत."

किसनराव पुन्हा भिंगावर वाकले. "करपा तर पडनारच. फवारल्याबिगर भागत न्हाई आमचं."

"फवारू नका कोण म्हणतंय?" कोमल म्हणाली. "पंप ओढ्यात धुऊ नका. धुतलेलं पाणी शेतातच मारा. आणि ओढ्याकडच्या हळदीच्या चार-पाच ओळी न फवारता तशाच सोडा."

"इतकंच व्हय?"

"आधी इतकंच."

"मंग इतकं सांगायला दोन वर्सं लागली व्हय गं तुला?" ते हसून म्हणाले. पण त्या हंगामात त्यांनी शेतातच पंप धुवायला जागा केली आणि शेजारच्या दोघांना तिथंच धुवायला बोलावलं.

कोमलचा प्रबंध लिहून झाला तेव्हा मोजणी करणाऱ्यांत दोन नावं होती. भिकाबाईनं आपलं नाव वाचलं आणि 'राठोड'मधला ठ नीट छापला आहे ना एवढं तपासलं.

यंदापासून सर तिला गावोगावच्या ओढ्यांचं पाणी आणायला जीपमध्ये घेऊन जातात. सप्टेंबरात ते हट्टा गावाला गेले. सर आणि कोमल वरच्या अंगाला पाणी तपासत होते. भिकाबाई लुगडं खोचून गुडघाभर पाण्यात उतरली आणि तिनं बारीक जाळी फिरवली. काठावर धुणं धूत बसलेल्या एका बाईनं विचारलं, "काय धरून राहिल्या, बाई? मासे हाये व्हय?"

"न्हाई. मासे ज्यांना खात्यात ते."

धुणं तसंच टाकून ती बाई जवळ आली. नाव अनुसयाबाई. भिकाबाईनं जाळीतलं पाणी बाटलीत ओतलं आणि बाटली उन्हात धरली. पाण्यात बारीक ठिपके टुणटुण वरखाली करत होते.

"अगं बया! जिते हायेत की," अनुसयाबाई म्हणाली आणि बोट लावून मोजायला लागली. "बारा."

भिकाबाईनं बाटली फिरवली. "अकरा. त्यो एक कचरा हाय."

"कचरा कसा? उडून राहिलाय बघा."

दोघी डोकं लावून पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागल्या.